जमातीचे मत आणि गावाचे हित

ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या की आदिलाबाद भागात धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : आपल्या जमातीचा उमेदवार उभा असताना दुसऱ्यास मत देणे हा जमातीशी द्रोह नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक असतो. "राजकारणात पडू नये" एवढे सांगून विचारणाऱ्याची बोळवण करणे योग्य नाही. आणि धर्मगुरूने उमेदवाराचे नाव सुचविणे तर त्याहून अनिष्ट. म्हणून या प्रश्नाची थोडी उकल करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की दुर्बळांची एकजूट हा दोष नव्हे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात (२०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले) गोंडांनी जमिनीसाठी दिलेला लढा सर्वश्रुत आहे. १९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम धारातीर्थी पडले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला; त्यात १३ जण मृत्युमुखी पडल्याचे शासनाने सांगितले, इतरांनी संख्या पुष्कळ अधिक सांगितली. ज्यांचे गाऱ्हाणे कचेरीत कोणी ऐकत नाही, त्यांनी आपल्यातील माणूस निवडून द्यावा यात वावगे काय?

परंतु येथील परिस्थितीत एक गुंतागुंत आहे. पंचायतींचा अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार करणाऱ्या १९९६ च्या कायद्यानुसार, म्हणजेच पेसानुसार, त्या क्षेत्रातील सरपंचपदे अनुसूचित जमातींसाठीच राखीव असतात. त्यामुळे तेथे आदिवासी निवडून येईल की नाही हा प्रश्नच उरत नाही. कोणत्या जमातीचा येईल, हा उरतो. १९७६ च्या कायद्याने तेलंगणातील लंबाडा समाजाचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात मात्र तोच बंजारा समाज विमुक्त जातींत गणला जातो. लोक नदी ओलांडून येतात आणि आमच्या वाट्याच्या सवलती घेतात, असे गोंडांचे गाऱ्हाणे आहे. आम्हीही पिढ्यान्‌पिढ्यांचे दरिद्री, असे लंबाडा म्हणतात. डिसेंबर २०१७ मध्ये उटनूर परिसरात या वादातून हिंसाचार झाला. अशा वातावरणात "आपला माणूस" या शब्दांना धार चढते. आणि या दोघांच्या संख्याबळात कोलामांचे काय? आदिम जमात म्हणून ज्यांची गणना होते ते कोलाम, किंवा मराठी बोलणारे आंध, जेथे थोडे आहेत तेथे केवळ संख्येच्या एकजुटीतून त्यांच्या पदरी काही पडणे कठीण.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १९८३ साली हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. त्यांच्या समाजाने अपूर्व एकजुटीने मतदान केले. परंतु शहरात तो समाज सुमारे ४० टक्केच होता. लॅटिन अमेरिकी वंशाच्या व काही गोऱ्या मतदारांची साथ मिळाली म्हणून विजय झाला. पुढेही ५० सदस्यांच्या नगरसभेत २९ जणांनी फळी उभारून १९८६ पर्यंत त्यांची वाट अडविली. एकजुटीने खुर्ची मिळाली. कारभार चालविण्यास इतरांची सोबत लागली.

दुसरा धडा आपल्याच देशातला आहे. १९३२ च्या पुणे करारानंतर राखीव जागांवर निवडून येणाऱ्यांविषयी डॉ. आंबेडकरांची हीच तक्रार होती की, माणूस आपल्या समाजाचा असला तरी तो निवडून येतो इतरांच्या मतांवर, आणि बांधीलही त्यांनाच राहतो. गावातही सरपंच आपल्या जमातीचा, पण निवडणुकीचा खर्च ठेकेदाराचा, असे असेल तर मत नेमके कोणास दिले?

प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. ग्रीक भाषिक विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होत होती. प्रेषितांनी त्या तक्रारीस फूट पाडणारी म्हणून धिक्कारले नाही. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे उपेक्षितांच्या भाषेच्या माणसांवर विश्वास टाकला गेला. परंतु त्यांची निवड साऱ्या समुदायाने केली, आणि त्यांची पारख कुळावरून झाली नाही, तर सुकीर्ती, पवित्र आत्मा व शहाणपण यांवरून झाली. आमच्या मते प्रश्नाचे उत्तर येथे आहे : उपेक्षितांचा प्रतिनिधी हवा, पण तो पंक्तीतील प्रत्येकाच्या ताटाकडे पाहणारा हवा.

व्यवहारात धर्मशिक्षकांनी लोकांना तीन प्रश्न शिकवावेत. हा उमेदवार ग्रामसभेत हिशेब देईल काय? त्याच्या प्रचाराचा खर्च कोण करतो? आणि जमातीत नसलेल्या, सर्वांत लहान गुडेमच्या पाण्याविषयी तो काय म्हणतो? पेसाने योजनांना मान्यता देणे, लाभार्थी ठरविणे व खर्चाचा दाखला देणे हे अधिकार ग्रामसभेस दिले आहेत. मत पाच वर्षांतून एकदा द्यावयाचे असते. ग्रामसभेत मात्र पुन्हा पुन्हा बसावयाचे असते. जमातीची एकजूट खरोखर हवी ती तेथे.

हेच माप आपणही स्वतःस लावले पाहिजे. ख्रिस्ती मतांचा गठ्ठा बांधून तो मंदिराच्या कुंपणाच्या मोबदल्यात देऊ करण्याचा मोह आपल्यालाही होतो. त्या दिवशी शेजारच्या कोलाम गुडेमची विहीर कोरडी असेल, तर आपण कोणाचे हित साधले, याचा जाब आपल्याला द्यावाच लागेल.