पिस्तुलातील सुरक्षा-यंत्रणा आणि हलक्या चापाचा मोह

पुण्यातील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात लहान शस्त्रांची जी काडतुसे तयार होतात, त्यांच्या बुडाशी आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाची एक छोटी टोपी बसवलेली असते. तिला प्रायमर म्हणतात. चाप ओढला की घोडा सुटतो, तो फायरिंग पिन या बारीक दांडीवर आदळतो, पिन प्रायमरला ठोसते आणि त्याच्या ज्वाळेने काडतुसातील दारू पेटते. आघात कशामुळे झाला, याच्याशी मात्र प्रायमरला काहीच कर्तव्य नसते. चाप बोटाने ओढला काय किंवा शस्त्र फरशीवर पडून पिन पुढे सरकली काय, पुरेशी ऊर्जा मिळताच तो पेटतो. या दोन घटनांत भेद करण्याचे काम शस्त्रातील काही छोटे भाग करतात आणि चाप हलका व्हावा म्हणून काही हौशी मालक नेमके तेच भाग काढून टाकू पाहतात.

पिस्तूल नळीच्या बाजूने खाली पडले, तर त्याचा सांगाडा जमिनीवर थांबतो, परंतु आतील पिन जडत्वामुळे पुढे जाऊ पाहते. ५ ग्रॅम वजनाच्या पिनला १.२ मीटर उंचीवरून पडताना सुमारे ०.०६ ज्यूल ऊर्जा मिळते. त्यातील काही पिनची स्प्रिंग शोषून घेते, तरी संवेदनशील प्रायमर पेटण्याची शक्यता उरतेच. म्हणून अनेक आधुनिक पिस्तुलांत, चाप जवळजवळ पूर्ण मागे येईपर्यंत पिनची वाट अडवून धरणारा अडसर असतो. चाप ओढताना या अडसराचे घर्षण बोटाला जाणवते, हा या हौशी मालकांचा मुद्दा खरा आहे. पण अडसर काढल्याने चापात पडलेला फरक पहिल्याच गोळीला कळतो आणि गमावलेले संरक्षण मात्र शस्त्र एका विशिष्ट कोनात पडेपर्यंत कळत नाही. पिन पोलादाऐवजी हलक्या टायटॅनियमची केली तर तिची ऊर्जा त्याच प्रमाणात घटते, परंतु तो हिशेब प्रायमर आणि स्प्रिंग यांच्यासह करावा लागतो, आणि घरच्या टेबलावर तो होत नाही.

जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची रीत होती, कारण शस्त्र घोड्यावर पडले की गोळी सुटण्याची भीती असे. रूगर या अमेरिकी कंपनीने १९७३ मध्ये आपल्या एकेरी क्रियेच्या, म्हणजे प्रत्येक वेळी घोडा हाताने मागे ओढावा लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरमध्ये चाप दाबल्यावरच घोडा आणि पिन यांच्यामध्ये येणारी पट्टी बसवली. ती वर आलेली नसेल, तर घोड्याचा आघात पिनपर्यंत पोहोचतच नाही. पडलेल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटण्याची भीती आजही संपलेली नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत जुहू येथे अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्याच पायात घुसली. कपाटात ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून निसटून पडले, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले होते.

कारखान्यांचाही अंदाज चुकतो. सिग सॉअरच्या पी-३२० या पिस्तुलात, ते मागच्या बाजूने ठरावीक कोनात पडल्यास चाप स्वतःच्या वजनाने मागे सरकून गोळी सुटू शकते, असे २०१७ मध्ये दिसून आले आणि कंपनीने चापाचे वजन घटवून इतरही भाग बदलून दिले. येथे हलका चाप सुरक्षेसाठीच आला, मात्र तो चाप दाबायला लागणाऱ्या बळाने नव्हे, तर स्वतःच्या वस्तुमानाने हलका होता. हे दोन अर्थ सर्रास एकमेकांत मिसळले जातात.

मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढल्यावर चाप निकामी करणाऱ्या खटक्याबाबत मतभेदाला अधिक जागा आहे. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये तो होता, इतर अनेक पिस्तुलांत तो मुळातच नसतो, आणि त्याच्या भरवशावर नळीच्या मागच्या टोकातील घरात उरलेले काडतूस विसरले जाण्याचा धोकाही असतो. तरीही जे शस्त्र त्यासह आखले गेले, त्यातून तो उपटणे आणि त्याविना आखलेले शस्त्र निवडणे यांत फरक करावाच लागतो.

अचूक नेमबाजीसाठी हलका चाप हवा, हा युक्तिवाद बालेवाडीच्या नेमबाजी संकुलात तपासता येतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर पिस्तूल प्रकारात चाप किमान १००० ग्रॅम वजन उचलू शकला पाहिजे, १० मीटर एअर पिस्तुलात ५०० ग्रॅम, आणि स्पर्धेत तो वजन टांगून तपासला जातो. घरात स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या, वर्षभर न झाडलेल्या शस्त्राला त्याहून हलका चाप कशासाठी हवा, याचे पटण्यासारखे कारण सापडत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ५ बंदुकीचे रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी यांसाठीही परवाना मागते. पुणे पोलीस आयुक्तालयाने दिलेला बाळगण्याचा परवाना या कामांना पुरत नाही.