ॲटॅचमेंट धुणार कोण?

नवरात्र संपत आलं की आपल्या घरोघरी एक चर्चा हमखास सुरू होते. यंदा दिवाळीच्या ऑफरमध्ये स्टँड मिक्सर घ्यायचा का? आणि घेतलाच, तर त्याच्याबरोबर दाखवतात त्या डझनभर ॲटॅचमेंटपैकी कोणत्या घ्यायच्या?

आमच्या घरी हे यंत्र दोन वर्षं आहे. केकच्या हौसेपायी आलेलं नाही. आईच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी झीज झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, कणीक मळणं, फडकं पिळणं कमी करा. सांगायला काय जातं? आमच्याकडे दिवसाला वीसेक पोळ्या होतात, आणि सणावाराला पुरण, उकड, फराळ असतोच. त्यामुळे प्रत्येक ॲटॅचमेंटला आम्ही दोनच प्रश्न विचारतो. हिने आईच्या हातावरचं कोणतं काम कमी केलं? आणि धुण्याचं काम किती वाढवलं?

दुसरा प्रश्न आपण पुरुष मंडळी सोयीस्करपणे विसरतो. ऑनलाइन ऑर्डर मुलगा करतो आणि जाळीत अडकलेलं पीठ टाचणीने आई काढते.

आपल्या नेहमीच्या मिक्सरची गोष्ट इथे आठवते. सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणघाटणापुढे टिकला नाही. पत्नी माधुरी यांची अडचण बघून त्यांनी आपल्या स्वयंपाकाला झेपेल असा मिक्सर तयार केला आणि 1963 मध्ये ‘सुमीत’ बाजारात आला. पुढे असे मिक्सर घरोघरी पोचले. त्यांच्याबरोबर काय टिकलं? ओल्या वाटणाचं, सुक्या दळणाचं आणि चटणीचं भांडं. तिन्ही जवळजवळ रोज लागतात आणि नळाखाली धरली की साफ होतात.

स्टँड मिक्सरचं काम वेगळं आहे. आपल्या मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेऊन पदार्थ कापतं. स्टँड मिक्सरचा हुक संथ फिरतो, स्वतःभोवती आणि भांड्यातही, पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा. त्यामुळे तो वाटण करू शकत नाही, पण मळणं, घोटणं, फेटणं त्याला चांगलं जमतं. तो घेतला म्हणून जुना मिक्सर काढता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

आता कणीक. हुक बहुतेक यंत्रांबरोबरच येतो. पोळीची कणीक त्यात उत्तम होते, पण एक अट आहे. मोठ्या भांड्यात दोन वाट्या कणीक टाकली तर हुक तिला धरतच नाही, गोळा नुसता हुकाबरोबर गरगरतो. आमच्या भांड्यात अर्ध्या किलोच्या आसपास पीठ असेल तरच काम नीट होतं. आम्ही पीठ आणि पाणी एक मिनिट फिरवतो, दहा मिनिटं तसंच ठेवतो आणि मग चार-पाच मिनिटं मळतो. गव्हाच्या कोंड्याला पाणी शोषायला वेळ लागतो. ही मधली विश्रांती दिली की यंत्राचं निम्मं काम आपोआप होतं. वेग कायम खालचाच. घट्ट कणीक जोरात फिरवली की मोटर तापते.

अर्धा किलो म्हणजे दोन्ही वेळची कणीक एकदम. आईचा याला विरोध होता, “शिळ्या कणकेची पोळी मी खाणार नाही.” तेलाचा हात लावून डबा बंद करून फ्रीजमध्ये ठेवल्यावर कणीक फारशी काळी पडत नाही, एवढं तिने मान्य केलंय. तरी संध्याकाळची पोळी ती अजून वास घेऊन मगच तोंडात घालते. घरात दोघंच असाल, तर मात्र माझं स्पष्ट मत आहे की स्टँड मिक्सर कणकेसाठी घेऊ नका. फूड प्रोसेसरमधलं कणीक मळायचं पातं किंवा टेबलटॉप वेट ग्राइंडरबरोबर मिळणारा मळणीचा दांडा कमी कणकेला जास्त बरा, आणि स्वस्तही.

ज्याचं कौतुक फारसं ऐकू येत नाही, ते म्हणजे चपटं पातं, फ्लॅट बीटर. मोदकाची उकड गरम असतानाच मळावी लागते. पाण्यात बोटं बुडवत, हाय-हुय करत आई ती मळायची. आता उकड थेट भांड्यात जाते आणि तीन-चार मिनिटांत लोण्यासारखी होते. चकलीच्या उकडीचंही तेच. चक्का आणि साखर घोटायलाही हेच पातं घ्या. तारांचा व्हिस्क चक्क्यात हवा भरतो आणि श्रीखंड सैल पडतं. व्हिस्कचं खरं काम आमच्याकडे लोणी काढण्याचं. साय फ्रीजमधून काढलेली, पाणी बर्फाचं, आणि भांड्यावर पंचा टाकलेला, नाहीतर ताक भिंतीवर उडतं. बडोद्याच्या मे महिन्यात साय थोडी जरी कोमट झाली तरी लोणी धरत नाही.

पुरणासाठी फूड ग्राइंडर किंवा गाळणीची ॲटॅचमेंट मिळते. दोन्हींतून पुरण निघतं. पण स्क्रू, पातं, जाळी, रिंग, नळी असे पाच भाग धुवा. आपलं हाताने फिरवायचं पुरणयंत्र तीन भागांचं. किलोभर डाळीला पुरणयंत्रच, फक्त दांडा फिरवायला मी बसतो. मंडळाच्या जेवणावळीसाठी दहा किलो करणारे असाल तर हिशेब वेगळा.

आता ज्या ॲटॅचमेंटसाठी मी आग्रह धरेन ती म्हणजे पास्ता रोलर. इटालियन जेवण आमच्याकडे क्वचितच होतं. पण दोन रुळांमधून पीठ जाऊन एकसारखी पातळ पट्टी निघते, जाडी बटणाने ठरते, आणि फराळात लाटणं हेच तर मनगटाचं सर्वात मोठं काम आहे. शंकरपाळी, कडक पुऱ्या, साध्या करंजीची पारी, आणि आपल्या बडोद्यात ज्याच्यावाचून पाहुणा परत जात नाही ती बाकरवडी, सगळ्याला ही पट्टी चालते. पट्टी वीतभरसुद्धा रुंद नसते, त्यामुळे बाकरवडी अंमळ लहान होते, पण तळून जास्त कुरकुरीत लागते. साट्याच्या करंजीला मात्र हे यंत्र वापरू नका, पदर चेपतात. आणखी एक गंमत, रोलर पाण्याने धुवायचाच नसतो! पीठ वाळू द्यायचं आणि ब्रशने झाडायचं. वर्षातून चारदाच लागणार असेल तर ओट्याच्या कडेला अडकवायचं, हाताने फिरवायचं पास्ता मशीन घ्या. बरंच स्वस्त पडतं आणि ओळीने दोन-तीन घरांत फिरवता येतं.

बाकीच्यांवर फार शब्द खर्च करत नाही. धान्य दळायची ॲटॅचमेंट गुजरातेत कशाला, जिथे निम्म्या घरांत घरघंटी आहे? आइस्क्रीमचं भांडं आदल्या दिवसापासून फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. आमच्या फ्रीझरमध्ये डिसेंबरात सोललेल्या मटारांनी ती जागा घेतलेली असते. किसणीचा ड्रम थंडीत खंडेराव मार्केटमधून पाच किलो गाजरं आणणाऱ्यांनी जरूर घ्यावा, रोजच्या एका काकडीला नको.

घेण्याआधी पुढचा जोड तपासा. हा प्रकार आमच्या धंद्यातल्या पोर्टसारखा आहे. किचनएडने 1937 मध्ये एकमेकांत बदलता येणाऱ्या ॲटॅचमेंटचं मॉडेल आणलं आणि तो जोड पुढेही तसाच ठेवला, म्हणून जुन्या यंत्राला नवी ॲटॅचमेंट बसते. सगळ्या कंपन्यांचं तसं नाही. काहींच्या दोन मॉडेलमध्येही जोड वेगळा असतो. नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर जुळवा. वॉटचा आकडाही फसवा आहे. यंत्र किती वीज खातं ते तो सांगतो, हुक किती ताकदीने फिरतो ते नाही. माहितीपुस्तिकेत किती पीठ झेपतं ते बघा, आणि तो आकडा मैद्याचा आहे की कणकेचा, तेही.

घरी आल्यावर रिकाम्या भांड्यात एक रुपयाचं नाणं टाकून चपटं पातं संथ फिरवा. दर फेरीला नाणं थोडंसं सरकलं पाहिजे. हललंच नाही तर पातं उंच आहे आणि तळाशी पीठ कोरडं राहणार. बहुतेक यंत्रांत ही उंची स्क्रूने बदलता येते.

शेवटचा मुद्दा जागेचा. हे धूड दहा किलोच्या घरात जातं. खालच्या कपाटात ठेवलं तर रोज उचलून काढायला परत अंगठाच लागणार. ते ओट्यावर, प्लगजवळ, कायमचं बसवायला हवं. आमच्याकडे त्यासाठी मायक्रोवेव्ह पॅसेजमध्ये गेला. सकाळी सातला हुक फिरत असतो, तेवढ्यात मी चहा ठेवतो, आणि हुक धुण्याचं काम माझ्याकडेच आहे.