ध्वनीला वाट दाखवणारे पदार्थ

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांच्या काळात 1915 मध्ये उभे राहिले. तेव्हा त्याचे नाव पॅलेस थिएटर होते. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या दिवसांत नटाचे पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याचे काम भिंती, छत आणि रंगमंच यांनाच करावे लागे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह आगीत सापडले. पुढे त्याची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. भिंती आणि छप्पर पुन्हा उभारता येतात. पण आवाज पुन्हा उभारता येईल का?

भिंतीवर आदळलेल्या ध्वनीचा काही भाग परावर्तित होतो, काही शोषला जातो. उंच स्वर जाड पडदाही शोषतो. अडचण खर्जाची असते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. म्हणून 100 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी 3.4 मीटर भरते. एवढ्या लांब लहरीला मऊ पदार्थाने आवरायचे, तर त्याचा थर हातभर जाड हवा.

यातून सुटण्याची युक्ती वर्गात दाखवता येते. रिकाम्या काचेच्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घाला. बाटली वीतभर, पण तिच्या घुमण्याच्या स्वराची तरंगलांबी दीड-दोन मीटर असते. गळ्यातील हवा हे वजन आणि आतली हवा ही स्प्रिंग. बाटलीत थोडे पाणी ओता, स्वर चढतो. म्हणजे लहान पोकळीसुद्धा मोठ्या लहरीशी व्यवहार करू शकते, आणि तो व्यवहार पोकळीच्या आकाराने ठरतो.

हाँगकाँगच्या संशोधकांनी 2000 मध्ये हेच तत्त्व घन पदार्थात आणले. सुमारे 1 सेंटिमीटरच्या शिशाच्या गोळ्यांवर सिलिकॉन रबराचा थर देऊन त्या इपॉक्सीत बसवल्या. रबराच्या स्प्रिंगवर जड गोळी डोलू लागली आणि 400 हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी अडला. ज्यांचे गुणधर्म घटकांपेक्षा रचनेवर जास्त अवलंबून असतात, अशा पदार्थांना मेटामटेरियल म्हणतात. फळीवर जागोजागी वेगवेगळ्या पोकळ्या ठेवल्या, की परतणारी लहर कुठे लवकर, कुठे उशिरा निघते आणि सपाट फळीही ध्वनीला हव्या दिशेला वळवते.

पण कोणती पोकळी कुठे? 10 × 10 चौकटींची जाळी घ्या. प्रत्येक घर भरीव किंवा पोकळ. रचना होतात 2¹⁰⁰, म्हणजे 1 वर सुमारे 30 शून्ये. सगळ्या तपासणे अशक्य. येथे डीप लर्निंग उपयोगी पडते. हजारो रचनांची गणिते संगणकावर आधी सोडवतात आणि ती उदाहरणे कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याला शिकवतात. मग नवी रचना दिली, की तिचा प्रतिसाद जाळे क्षणात वर्तवते.

आपल्याला मात्र उलट हवे असते: प्रतिसाद दिला, रचना सांग. येथे एक खोच आहे. x² = 9 ची उत्तरे +3 आणि −3; दोन्ही बरोबर, पण त्यांची सरासरी शून्य, आणि ती चूक! एकच प्रतिसाद देणाऱ्या अनेक रचना असतात आणि साधे जाळे त्यांची अशीच सरासरी काढू पाहते. म्हणून उलट जाळ्याने सुचवलेली रचना सुलट जाळ्याकडे तपासायला देतात. मागितलेला प्रतिसाद मिळाला, तर उत्तर मान्य. मग रचना दोहोंपैकी कोणतीही असो.

तरीही जाळ्याला शिकवले तेवढेच येते. अरुंद छिद्रात हवेचे घर्षण होते. उदाहरणांत ते धरले नसेल, तर अंदाज चुकतो. म्हणून शेवटी नमुना बनवून मोजावाच लागतो.

आणि काय मागायचे, हे यंत्र सांगत नाही. नाट्यगृहाला कोणता आवाज हवा, हे मोजमापांवरून आणि जाणत्या कानांवरूनच ठरते. जुना आवाज परत हवा असेल, तर तो आधी मोजलेला असावा लागतो. आपल्या शाळेच्या सभागृहात विद्यार्थ्यांकडून एक फुगा फोडून घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. इमारतीचा नकाशा आपण जपतो; तिचा आवाजही जपायला हवा.