पाळीपूर्वीचे दिवस आणि मुलीला आधार

बीजकोशातून बीज बाहेर पडल्यानंतर, म्हणजे पाळीच्या साधारण १४ दिवस आधीपासून, शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि या बदलांना संवेदनशील असलेल्या मुलींना पोटफुगी, स्तनांत दुखरेपणा, चिडचिड किंवा रडू येणे असा त्रास होतो, जो पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरतो; यालाच पाळीपूर्व लक्षणसमूह म्हणतात. मुलीने दोन-तीन महिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाळीची तारीख आणि रोजचा त्रास नोंदवल्यास त्याचा क्रम स्पष्ट होतो. पुरेशी झोप, नियमित व्यायाम आणि लोणचे-पापड, चहा-कॉफी कमी करणे उपयोगी ठरू शकते. मात्र तिच्या चिडचिडीला उद्धटपणा समजून बोल लावू नये. शाळा बुडू लागली किंवा जीव नकोसा झाल्याचे ती बोलू लागली, तर पालकांनी विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.