पोर सुस्त नाही, दमलंय!

पहाटे साडेपाचला आपल्या बेळगावच्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर जा, धावणारी मुलं दिसतातच. कुणी सैन्यभरतीसाठी १.६ किलोमीटरची वेळ कमी करत असतो, कुणी पोलीस भरतीच्या तयारीत असतो. हीच मुलं संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर नाहीतर तालमीत असतात आणि रविवारी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेत. मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा घाम गाळलेला बरा, असं आपण पालक म्हणतो. ते खरंच आहे, पण या घामाचा आठवड्याचा हिशेब घरात कुणी ठेवतं का?

माझ्या वर्गातला बी. ए.चा एक विद्यार्थी मध्यंतरी पहिल्याच तासाला डुलक्या घेऊ लागला. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सुस्त आगेती." त्याची आई कन्नड, वडील मराठी. कन्नडमध्ये 'सुस्तु' म्हणजे थकवा, तर मराठीत 'सुस्त' म्हणजे आळशी. आईला तो दमलाय हे कळलं. वडिलांना वाटलं, पोरगा आळसावला. त्यांनी पहाटेचं धावणं आणखी वाढवायला लावलं. भरतीला वयाची मर्यादा असते, त्यामुळे त्यांची घाईही समजण्यासारखी होती. पण महिन्याभरात त्याची धावण्याची वेळ सुधारण्याऐवजी बिघडली.

आम्ही दोघांनी कागद घेऊन त्याचा आठवडा मांडला. रोज पहाटे ४५ मिनिटं धावणं, सहा दिवस. संध्याकाळी दीड तास कबड्डी, तीन दिवस. रविवारी तीन तास क्रिकेट. एकूण १२ तास झाले आणि विश्रांतीचा दिवस एकही नाही. धावणं शिकवणाऱ्याला कबड्डीचं ठाऊक नव्हतं, कबड्डीच्या सरांना क्रिकेटचं. प्रत्येकाच्या दृष्टीने सराव माफकच होता, पण शरीर एकच होतं आणि बेरीज त्यालाच सोसावी लागत होती.

ही बेरीज करायची एक सोपी रीत क्रीडाशास्त्रात आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचं, "दहापैकी किती कठीण गेलं?" त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. ४५ मिनिटं धावणं आणि कष्ट ६, म्हणजे २७०. सहा दिवसांचे १६२०. कबड्डी ९० मिनिटं आणि कष्ट ७, म्हणजे ६३०. तीन दिवसांचे १८९०. क्रिकेट १८० मिनिटं आणि कष्ट ५, म्हणजे ९००. एकूण ४४१०. हा आकडा शेजारच्या मुलाशी ताडून पाहायचा नाही. आपल्याच मागच्या आठवड्याशी पाहायचा आणि तो एकदम उडी घेत नाही ना, एवढं बघायचं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकोनात तो सहज मावतो.

यामागचं कारण साधं आहे. व्यायामाने स्नायूंत बारीक इजा होतात आणि साठवलेली साखर संपते. ताकद वाढते ती नंतर, झोपेत आणि विश्रांतीत. कठोर सरावानंतर नीट जेवूनही ही साखर पुन्हा भरायला साधारण एक दिवस लागतो. खेळ बदलला म्हणजे विश्रांती झाली, हाही गैरसमज आहे. धावणं, कबड्डी, फुटबॉल या तिन्हींचा भार पायांवरच येतो.

लक्षणं घरातच दिसतात. भूक मंदावते, झोप लागत नाही, चिडचिड वाढते, सर्दी वारंवार होते, सराव करूनही खेळ घसरतो. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा सलग काही दिवस सात-आठ ठोक्यांनी जास्त आली तर सराव हलका करावा. वाढत्या वयातल्या मुलांना गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखत असेल, किंवा खेळणाऱ्या मुलीची पाळी लांबत अथवा बंद होत असेल, तर 'होतं असं' म्हणून सोडू नये. डॉक्टरांना दाखवावं. रक्त कमी असणं किंवा दुसरा आजारही थकव्यामागे असू शकतो. वेळीच आवरलं तर काही दिवसांत, काही आठवड्यांत शरीर सावरतं. दुर्लक्ष केलं तर महिने जातात.

मग करायचं काय? आठवड्यातला किमान एक दिवस पूर्ण सुटीचा ठेवावा. कठीण दिवसानंतर हलका दिवस यावा. लहान मुलांसाठी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: वय जितकी वर्षं, आठवड्याला संघटित खेळाचे तास त्याहून जास्त नकोत. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास पुरे. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप हवी, म्हणजे पहाटे पाचला उठवायचं तर रात्री नऊला दिवा मालवायला हवा. सरावानंतर भाकरी, उसळ, दूध, अंडं असं पोटभर जेवण हवं, नुसता चहा-बिस्कीट नको.

त्या विद्यार्थ्याने आधी डॉक्टरांकडून तपासून घेतलं. मग दोन आठवडे हलका सराव केला, पहाटेचं धावणं सहावरून चार दिवसांवर आणलं आणि कबड्डीचा एक दिवस फक्त तंत्रासाठी, तासाभराचा ठेवला. नवी बेरीज ३४८० आली. क्रिकेट सोडायला तो तयार नव्हता आणि मीही आग्रह धरला नाही, कारण त्यातच त्याला खरी मजा येते. महिन्या-दीड महिन्यात जुनी वेळ परत आली.

हे सारं परदेशी शास्त्र आहे, असं कुणी म्हणेल. पण वाग्भटाने अष्टांगहृदयात बलवान माणसालाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे आणि अतिव्यायामाने खोकला, ताप, धाप लागते, असंही बजावलं आहे. आपल्या तालमींतही जोर-बैठकांइतकंच मालिश, खुराक आणि झोपेला महत्त्व होतं. मराठीत आपण 'अति तिथे माती' म्हणतो, कन्नडमध्ये 'अतियादरे अमृतवू विष'. दोन्ही भाषांतलं शहाणपण घरात असताना ते पोरांच्या वेळापत्रकात का उतरू नये? या रविवारी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि आठवडा कागदावर मांडा. आणि त्यातून कुणी 'सुस्त आगेती' म्हणालंच, तर तो शब्द कन्नडमधूनच ऐका.