करवीरचे बंदर आणि रापणीचा वाटा

कोल्हापूरचा समुद्राशी संबंध कोणता, असे आज विचारले तर मासळीबाजारातील सुरमई-बांगड्याकडे बोट दाखविण्यापलीकडे बहुतेकांना उत्तर सुचणार नाही. वस्तुतः अठराव्या शतकात करवीर राज्याला स्वतःचे बंदर होते, आणि ते मालवण होते. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर पाया घातलेला सिंधुदुर्ग पुढे करवीरकरांच्या ताब्यात आला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्याचे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नामकरण केले. किल्ला वर्षभरातच परत गेला आणि ते नावही कोणाच्या लक्षात राहिले नाही. १८१२ च्या तहाने मात्र बंदर कायमचे इंग्रजांकडे गेले. किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिराचा सभामंडप राजर्षी शाहूंनी बांधविला, एवढा धागा तेवढा उरला.

राज्ये आली नि गेली, गाबितांची रापण चालू राहिली. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकायचे, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्यांनी मिळून ते ओढायचे, अशी ही पद्धत. जाळे एकट्याचे नसते, तसे त्यात सापडलेले पेडवे-बांगडेही एकट्याचे नसतात. त्यांचे वाटे पडतात. सहकाराचे धडे कोल्हापूरने साखर कारखान्यांत गिरविले, त्याच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी ते वाळूवर गिरवीत होती. रापण किनाऱ्याकडे येणाऱ्या मासळीवर जगते. तोच थवा यांत्रिक पर्ससीन नौकांनी बाहेरच्या बाहेर घेरला, तर किनाऱ्यावर नुसते दोर ओढायचे उरतात. याच कारणाने इथे वर्षानुवर्षे संघर्ष झाले. राज्य शासनाने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी समुद्रावर पहारा ठेवणे हे आदेश काढण्याइतके सोपे नाही.

दरम्यान पर्यटक आले. सिंधुदुर्गाभोवतीची प्रवाळे, तारकर्लीची वाळू, कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबागचे टोक, आणि अर्थातच मालवणी जेवण यांसाठी फोंडा घाट उतरून येणाऱ्यांत कोल्हापूरकरांचा भरणा मोठा आहे. त्यांचा पैसा गावाला हवाच आहे. कित्येक तरुणांनी जाळे ठेवून पर्यटकांच्या होड्या धरल्या, त्यांना दोष कोणी द्यावा? अडचण निराळी आहे. रापणीला मोकळा किनारा लागतो, आणि पर्यटनालाही नेमका तोच हवा असतो. शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पर्यटकांच्या होड्याही वर ओढलेल्या असतात. म्हणजे ज्याला जोडधंदा म्हणावे तो मूळ धंद्याबरोबरच थांबतो, आणि पावसाळ्यात घर चालवायला मागल्या हंगामाची सुकी मासळी आणि उधारीच कामी येते.

कायद्याने बंदी १ ऑगस्टला उठते. पण अनेक घरे अजूनही नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. त्या दिवशी आधी किल्ल्याचा मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो, मग गावाचे.