अभ्यासिकेची किल्ली कोणाकडे?

संध्याकाळचे सात वाजले की आपल्या वस्त्यांतील विहारांत, समाजमंदिरांत मुलांचा गलबला सुरू होतो. दहा बाय दहाच्या खोलीत आजी, धाकटी भावंडे, टीव्ही आणि चूल असे सारे एकत्र. तिथे पोराने गणित सोडवायचे कुठे? म्हणून अभ्यासिका. आई चार घरची धुणीभांडी आटोपून यायची असते, बाप दुसऱ्या पाळीला गेलेला असतो. आपले लेकरू आपण वस्तीतल्याच कुणा शिकलेल्या दादाच्या, ताईच्या हाती निर्धास्तपणे सोपवतो. तो बिचारा एक पैसाही न घेता शिकवतो. त्याला काही विचारायचे म्हणजे आपल्यालाच संकोच वाटतो. हा संकोच किती महाग पडतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

गोष्ट २०१२ च्या आधीची. आम्ही पाच-सहा कार्यकर्ते मिळून एक अभ्यासिका चालवीत होतो. अकरा वर्षांची एक हुशार मुलगी अचानक यायची बंद झाली. आम्ही घरी गेलो, तिच्या आईला शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले आणि मुलीला परत आणून बसवले. "का येत नाहीस?" असे आम्ही तिला दरडावून विचारले. "तिथे तुला कशाची भीती वाटते का?" हे कोणीच विचारले नाही. पुढे महिन्याभराने उलगडा झाला. किल्ली ज्याच्याकडे असे तो आमचा सहकारी, कुलूप लावायच्या निमित्ताने तिला मागे थांबवून घेत होता.

मग आम्ही काय केले? रात्री बैठक घेतली. "मुलीचे नाव खराब होईल", "समाजाची बदनामी होईल", "विरोधकांना आयते कोलीत मिळेल" असे सगळे बोललो. शेवटी त्याला गुपचूप सांगितले, उद्यापासून येऊ नकोस. तो गेला. चार महिन्यांनी कळले की दुसऱ्या वस्तीत तो शिकवणी घेतो आहे. आम्ही आमची पोरे वाचवली आणि दुसऱ्यांची त्याच्या हवाली केली. ती मुलगी आज संसारात आहे. कार्यक्रमात समोर आली की आमची मान आपोआप खाली जाते.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट शिकलो. माणूस चांगला आहे एवढ्या भरवशावर मुले सोपवायची नसतात. सर्वांना सारखे लागू पडणारे नियम करायचे असतात. यात कोणाचा अपमान नाही. आडोशाच्या जागी भिक्खूने एकट्या स्त्रीसोबत बसू नये, असा नियम विनयात आहे. त्याला निमित्त झाली श्रावस्तीची विशाखा. तिने पाहिले आणि ती बोलली. विश्वासू उपासिकेच्या सांगण्यावरून भिक्खूला जाब विचारता येईल, अशी तरतूद भगवंतांनी केली. भिक्खूंना नियम लागला, तर आम्हा कार्यकर्त्यांना का लागू नये?

आमच्या अभ्यासिकेत आज पुढील नियम भिंतीवर लावलेले आहेत.

१) बंद दाराआड एक मोठा माणूस आणि एक मूल, असे कधीही नाही. दार-खिडकी उघडी. दोन कार्यकर्ते हजर, त्यांत एक महिला.

२) उघडताना आणि बंद करताना दोघे जण. कुलूप लागायच्या आधी सगळी मुले बाहेर. कोणते मूल कोणाबरोबर घरी गेले, याची वहीत नोंद.

३) नवीन कार्यकर्ता आला तर आधी कुठे काम करीत होता आणि तेथून का निघाला, याची त्या ठिकाणी जाऊन चौकशी.

४) सहल किंवा श्रामणेर शिबीर असेल तर पालकांची लेखी संमती. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने दुःखाने विनवले, तेव्हा आई-वडिलांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झालाच होता. मुलामुलींची झोपण्याची व्यवस्था वेगळी. मुलींकडे महिला कार्यकर्त्या.

५) मुलाला फोनवर खासगी निरोप नाही, चोरून खाऊ-भेटवस्तू नाही, पालकांना न विचारता फोटो नाही. छडी तर नाहीच.

आणि एवढे करूनही एखादे लेकरू काही सांगू लागले तर? हातातले काम बाजूला ठेवून शांतपणे ऐका. "आधी का नाही सांगितलेस?" असे म्हणू नका. "तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी चूक नाही," एवढे जरूर म्हणा. "मी कोणालाच सांगणार नाही," असे वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. आरोपीला बोलावून समोरासमोर करू नका, मंडळाची बैठक बसवून न्यायनिवाडा तर मुळीच करू नका. आणि मुलगा असला म्हणून हसण्यावारी नेऊ नका. कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही.

हा कायदा म्हणजे २०१२ चा पॉक्सो. १८ वर्षांखालील प्रत्येक जण त्यात बालक आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना सांगितलेच पाहिजे. दडवले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कैद एक वर्षापर्यंत. म्हणजे आम्ही त्या रात्री जी बैठक घेतली, तशी आज घेतली तर आपणही गुन्हेगार. राजुरा, जि. चंद्रपूर येथील वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात, अशी माहिती दडवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी बजावले आहे. याउलट चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही.

बदनामीची भीती खरी आहे, पण तिच्यावरही कायद्यात उपाय आहे. मुलाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो वर्तमानपत्रांना छापता येत नाही. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. ठाण्यात तक्रार नोंदवायला टाळाटाळ झाली तर तोही पॉक्सोखाली गुन्हाच आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. मुलांसाठीचा १०९८ हा फोन दिवस-रात्र मोफत लागतो. तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. आरोपी सवर्ण असेल आणि बालक अनुसूचित जातीचे असेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम लावण्याचा आग्रह धरा.

बाबासाहेबांनी आपल्या पोरांसाठी वसतिगृहे काढली, कॉलेजे काढली. शिकायला गेलेले पोर तिथे भीतीने कोमेजले, तर त्या शिक्षणाला काय अर्थ? समाजाची अब्रू गप्प राहून टिकत नाही. आपल्या लेकरांना न भिता बोलता येते, यातच ती टिकते.

म्हणून येत्या रविवारी वंदना झाल्यावर आया-बहिणींनी उठून एकच प्रश्न विचारावा. अभ्यासिकेची किल्ली कोणाकडे असते, आणि कुलूप लावताना त्याच्यासोबत कोण असते? चांगल्या कार्यकर्त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही.